ओढ की सोड

कॉव्हेंट्री हे गाव इंग्लंडच्या ऐन पोटात. कुठल्याही दिशेला गाडी हाणा, समुद्र दिसेपर्यंत वाटेत दोनदा चहा होतो. अशा गावात मोटारींच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? ग्रीनहाउस घ्यावं, कॅराव्हॅन घ्यावी, फार तर कुत्रा पाळावा. उल्हास गमरेने होडी घेतली. शिडाची, जुनी, केबिनमध्ये ताठ उभं राहिलं की डोक्याला टेंगूळ येईल अशी. विहारातल्या मंडळींना तो विषय पुढच्या जयंतीपर्यंत पुरला. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच का रे, गमरे?" असं त्यांच्यातल्याच जयंतने सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा उल्हास नुसता हसला आणि खिरीची दुसरी वाटी घ्यायला उठला.

मधुमतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बाकीचे नवरेही सांगतच असतात म्हणा, पण निदान वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायची रीत पाळतात. उल्हासच्या घरी ती रीत नव्हती. भिंतींना रंग कुठला, सुट्टीत जायचं कुठे, सगळं तो जाहीर करायचा आणि मधुमती अमलात आणायची. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. दुसऱ्याचं बोलणं पुढे नेण्याची तिला सवयच होती, कारण तिची नोकरी तीच होती.

ती दुभाषी होती. इंग्रजी न येणारी आपली म्हातारी माणसं हॉस्पिटलात आली की मधुमतीला बोलावणं यायचं. मराठी, हिंदी, बरीचशी गुजराती. डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे खुर्ची टाकून ती बसायची आणि इकडचं तिकडे करायची. एकदा एक आजी म्हणाल्या, "सुनेने डोक्याला ताप करून ठेवलाय हो." आजींचं ते 'ताप' तिने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, तर तरुण डॉक्टर थर्मामीटर घेऊन उठलाच. मग मधुमतीला त्याला समजवावं लागलं, की हा ताप सुनेचा आहे, मोजता यायचा नाही. त्या गोष्टीवर उल्हास दर वेळी नव्याने हसायचा. पण कामाच्या बाबतीत मधुमती कडक होती. भर घालायची नाही, गाळायचं नाही, आणि नीट ऐकू आलं नाही तर अंदाज करायचा नाही, पुन्हा विचारायचं. अंदाजाने माणूस मरतो, असं ती नव्याने कामावर आलेल्या पोरींना सांगायची.

होडीचं वेड कुठून आलं ते मात्र तिला लग्नानंतर लगेच कळलं होतं. उल्हासचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या पलीकडे. शाळेला जायचं तर तरीतून, म्हणजे माणसं वाहून नेणाऱ्या होडीतून, जावं लागे. गावची सगळी माणसं चढली की मग बौद्धवाडीच्या पोरांनी चढायचं, आणि तेही टोकाला, जिथे पाणी उडतं तिथे. होडी हाकणारा तांडेल सुकाणूला हात लावू द्यायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही पोराला द्यायचा, याला नाही. ही गोष्ट उल्हासने आयुष्यात एकदाच सांगितली आणि सांगून झाल्यावर भात वाढ म्हणाला. म्हणून पुढे होडी आली तेव्हा मधुमतीने कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

होडी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरात ठेवली होती. दोघं शनिवार-रविवार तिथे जाऊन रीतसर शिकली. शिकवणारा गोरा भला माणूस होता, पण त्याच्या भाषेने मधुमतीच्या डोक्याला खराखुरा ताप झाला. आपलं शीड म्हणजे त्यांची सेल, आणि ते ज्याला शीट म्हणतात ती चादर नव्हे, कापडही नव्हे, तर शीड ताणायची दोरी. तो 'शीट' म्हणाला की मधुमती शीड धरायची. जन्मभर इंग्रजीवर पोट भरलेल्या बाईची अशी फजिती झालेली पाहून उल्हासने जाहीर केलं, "आपल्या बोटीवर हुकूम मराठीत. ऐनवेळी माणसाला इंग्रजी सुचत नाही. दोनच शब्द. दोरी ताणायची असली की ओढ, सैल करायची असली की सोड. संपलं."

त्यांची मुलगी ईशिता मँचेस्टरहून आली होती, तिने ते ऐकलं आणि ती खो खो हसली. "पप्पा, हे दोन्ही वर्ड्स सेम साउंड करते! एवढ्या वारामध्ये मम्मीला काय ऐकू येणार?"

"तुझ्या आईला माझं न बोललेलंही ऐकू येतं," उल्हास म्हणाला.

"अहो, बोललेलं आलं तरी पुष्कळ झालं," मधुमती म्हणाली.

खरं सांगायचं तर ओढण्यात ती तरबेज झाली. दोरी विंचच्या लोखंडी गड्ड्याला गुंडाळायची आणि अंगाचा भार टाकून ओढायची, हे तिला छान जमायचं. घोडं अडायचं ते सोडताना. उल्हास सोड म्हणाला की ती दोरी वीतभर सैल करी आणि उरलेली मुठीत घट्ट धरून ठेवी. "सोड म्हणजे सोड, मधू! वेढे काढ आणि जाऊ दे. हातात कशाला ठेवतेस?" तो ओरडायचा. तिला भीती वाटे, की एकदा हातातून गेलेली दोरी परत कशी धरायची. त्याने तिला गाठी शिकायला एक निळ्या दोरीचा तुकडा दिला होता. तो ती कोटाच्या खिशात बाळगायची आणि हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये पेशंटची वाट पाहताना गाठी मारायची. गाठी सगळ्या आल्या. सोडणं मात्र आलं नाही ते नाहीच.

अशी तीन उन्हाळे उमेदवारी झाल्यावर उल्हासने जाहीर केलं, की आता फ्रान्स. खाडी नव्हे, समुद्र ओलांडायचा, शेरबूरला लागायचं आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने, एकेका गावी मुक्काम करत जायचं. जयंतचा फोन आला. "वहिनी, पोहता येतं ना?" मधुमती म्हणाली, "मला येतं. यांना नाही. म्हणून तर मला नेतायत."

शेरबूरपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. वारा बेताचा, पाणी शहाण्यासारखं. फ्रान्सचा किनारा दिसला तेव्हा उल्हास सुकाणू धरून असा बसला होता, की मधुमतीने फोटो काढायचं सोडून नुसतं बघत राहावं. बंदरात त्यांनी लांबलचक पाव घेतला, तो तिने डब्यातल्या मेथीच्या चटणीबरोबर वाढला. दुसऱ्या दिवशी बाजारात उल्हासने बोटांनी खुणा करून मासे घेतले आणि घासाघीसही केली. फ्रेंच येत नसताना घासाघीस करणारा माणूस मी पाहिला नाही, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, "कोळणीशी बोलायला भाषा लागत नाही." तो इतका खूश तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता. आपणही खूश आहोत हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

शेरबूरहून पूर्वेला निघालं की एक टोक लागतं. टोकावर उंच दगडी दीपगृह आहे आणि त्याच्यासमोर पाणी वाहत्या नदीसारखं खळाळतं. ते टोक वळून दक्षिणेला जायचं होतं. दुपार होती, ऊन होतं, वारा पाठीवर होता. टोकापाशी उल्हासने होडी वळवली आणि वारा कडेने आला, जोरात आला. होडी कलली. मधुमती विंचपाशी दोरी धरून हुकमाची वाट पाहत होती.

मागून आवाज आला, "...ओड."

वळताना दोरी ओढायची असते, हे तिला माहीत होतं. तिने ओढली. होडी आणखी कलली, कडेवरून हिरवं पाणी आत आलं. आता नेहमीप्रमाणे शिवी ऐकावी लागणार, म्हणून तिने मान खाली घातली. शिवी आलीच नाही. तिने वळून पाहिलं.

उल्हास सुकाणूपाशीच बसला होता. पण त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली होती आणि उजवा हात मांडीवर कुणी ठेवून विसरल्यासारखा पडला होता. डाव्या हाताने त्याने सुकाणू गच्च धरलं होतं. तो तिच्याकडे बघत होता आणि सगळा जीव एकवटून सांगत होता, "ओड. ...ओड."

ओढ की सोड? अशा वाकड्या तोंडातून 'स' निघाला असता का? "काय? पुन्हा सांगा! अहो, पुन्हा सांगा!" ती ओरडली. त्याने पुन्हा सांगितलं. तेच. तिने पुन्हा ओढली आणि होडी जवळजवळ आडवी झाली. मग तिला काय झालं कोण जाणे, तिने विंचवरचे वेढे भराभर काढले आणि दोरी हातातून जाऊ दिली. दुसऱ्या शिडाचीही दिली. शिडं फडफडा झोडपू लागली आणि होडी धाप टाकत उभी राहिली.

रेडिओवर तिने मदत मागितली तेव्हा तिचा आवाज कापला नाही. जणू दुसऱ्या कुणाचं बोलणं ती भाषांतर करून सांगत होती: पुरुष, वय सहासष्ट, अर्धं अंग लुळं, बोलता येत नाही, अशा अशा ठिकाणी आहोत. बचावपथकाची नारिंगी बोट आली, माणसं आली. त्यांनी उल्हासला उचललं तेव्हा त्याची डावी मूठ सुकाणूवरून सोडवायला दोघं लागले.

हॉस्पिटलमध्ये कळलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा झटका आला आहे. उजवं अंग गेलं होतं, गिळता येत नव्हतं, आणि भाषा गेली होती. मराठी, इंग्रजी, सगळी. होडीतला तेवढा एक शब्द राहिला होता. कुणी जवळ आलं की तो म्हणे, "ओड." खिडकीकडे पाहून म्हणे, "ओड." असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं, एकच शब्द अडकून बसतो. मधुमतीला हे माहीत होतं. असे पेशंट तिने पाहिले होते आणि त्यांच्या बायकांना मोठ्या धीराने समजावलंही होतं. ते सगळं समजावणं किती फुकाचं होतं, हे तिला आता कळत होतं.

तिथली एक नर्स फार मायाळू होती. त्यांच्या भाषेत पाण्याला 'ओ' म्हणतात. उल्हास 'ओड' म्हणाला की ती धावत यायची, "ओ? ओ?" करत ओल्या स्पंजने त्याचे ओठ पुसायची. गिळता येत नसल्याने त्याहून जास्त देता येत नव्हतं. तो तोंड फिरवायचा. पाणी नकोय, एवढं मधुमती सांगू शकत होती. मग काय हवंय, ते तिला सांगता येत नव्हतं. जिला मराठीचा गंध नाही ती नर्स निदान काहीतरी समजत तरी होती. मराठी येणारी बायको नुसती बसून होती.

ईशिता आली. बापाला पाहून ती दारातच थांबली. "मम्मी, त्याच्या नाकात किती मोठा नळी घातलाय," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिने वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ ऐकलं. मग वर बघून म्हणाली, "पप्पा सोड बोलतोय. मम्मी, आय कॅन हिअर इट. सोड बोलतोय."

"तुला कसं कळलं? मला तर ओढ ऐकू येतं."

"कारण तुला ते पाहिजे म्हणून."

पोरगी खोटं बोलत नव्हती. त्यामुळेच मधुमतीला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग उल्हासच्या छातीत कफ भरला. न्यूमोनिया झाला, श्वास भात्यासारखा चालू लागला. डॉक्टर बाई पिकल्या केसांच्या होत्या, सावकाश इंग्रजी बोलायच्या. त्यांनी खुर्ची ओढून मधुमतीसमोर घेतली. आयुष्यभर मधुमती ज्या खुर्चीत बसायची ती मधली खुर्ची आज तिथे नव्हती.

"श्वासाच्या मशीनवर घ्यायचं असेल तर आता घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "घेतलं तर कदाचित वाचतील. पण हे अंग आणि ही भाषा परत येईल असं मला वाटत नाही. अंथरुणात राहतील. नाही घेतलं तर त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. तुम्हाला काय हवंय, ते मी विचारत नाही. त्यांना काय हवं असेल, ते सांगा. आधी कधी बोलले होते?"

नव्हता बोलला. जगातल्या सगळ्या गोष्टी जाहीर करणारा माणूस, एवढी एकच राहून गेली होती.

"तो शब्द ते सारखा म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "मुलगी म्हणते तुम्ही दुभाषी आहात. त्याचा अर्थ काय?"

मधुमती म्हणाली, "मला थोडा वेळ द्या." कुठल्याही पेशंटच्या बायकोने म्हणावं तसंच.

ईशिता डॉक्टरांबरोबर बाहेर गेली. खोलीत दोघंच उरली. उल्हास जागा होता. ताप होता, पण डोळे तिच्यावर होते. "अहो," ती म्हणाली, "एकदाच नीट सांगा. मला समजत नाहीये हो." त्याच्या घशातून आलं, "ओड."

काही म्हणजे काही उपाय नव्हता. तिने हात कोटाच्या खिशात घातला आणि तिला तो निळ्या दोरीचा तुकडा लागला. तिने तो बाहेर काढला. एक टोक उल्हासच्या डाव्या, चांगल्या हातात दिलं, दुसरं आपल्या मुठीत धरलं.

"तोंडाने नको. हाताने सांगा," ती म्हणाली. "इथे राहायचं असेल, मशीन हवं असेल, तर ओढा. थोडंसं. मला कळेल. आणि नको असेल तर... तर सोडून द्या. मी काही म्हणणार नाही. शप्पथ."

त्याला कळलं. त्याला नक्की कळलं, यात तिला पुढे कधीही शंका आली नाही. त्याने दोरीकडे पाहिलं, अंगठ्याने तिचा पीळ चाचपला, होडीवर चाचपायचा तसा. दोरी ताणली गेली नाही. खालीही पडली नाही. त्याने हात सावकाश उचलला, तिच्याकडे आणला, आणि आपलं टोक तिच्याच मुठीत, दुसऱ्या टोकाशेजारी, सरकवून दिलं. मग हात मागे घेऊन पांघरुणावर ठेवला.

मधुमती हातातल्या दोन टोकांकडे बघत राहिली. "हे काय?" ती म्हणाली. तिला संताप आला होता. "हे काय उत्तर झालं? जन्मभर हुकूम सोडलेत. भिंतीच्या रंगाचे सोडलेत, होडीचे सोडलेत. आणि आज मला सांगता, तू बघ?" त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ते तिने दोरी धरलेल्या हातानेच पुसलं. मग तिला फार एकटं वाटलं, त्या होडीत वाटलं होतं त्याहूनही.

दार उघडलं. डॉक्टर आत आल्या, मागे ईशिता. मधुमती उठून उभी राहिली. दीपगृहाच्या टोकाजवळ काय झालं होतं ते तिला लख्ख आठवत होतं. तिने ओढलं तेव्हा होडी बुडायला आली होती, आणि सोडलं तेव्हा उभी राहिली होती. तेव्हा तो काय सांगत होता ते मनातल्या मनात तिला कळलेलं होतं. निदान कळल्यासारखं होतं. अंदाज करायचा नाही, हा तिचाच नियम होता.

"तर?" डॉक्टरांनी विचारलं. "काय अर्थ आहे त्याचा?"

"ओढा, असं म्हणतायत ते," मधुमतीने इंग्रजीत सांगितलं. आवाज अगदी कामावरचा, सरळ. "मला ओढून घ्या, असा अर्थ आहे."

"नक्की?"

"मी दुभाषी आहे," मधुमती म्हणाली.

ईशिताने तोंड उघडलं आणि आईकडे पाहून मिटलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन कुणाला तरी हाक मारली. लगेच माणसं आली, पलंगाचे ब्रेक काढू लागली. मधुमती त्याच्या कानाशी वाकली.

"अहो, रागावू नका," ती म्हणाली. "मला सोडता येत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

"ओड," उल्हास म्हणाला. पलंग दाराबाहेर गेला, आणि दोरीची दोन्ही टोकं मुठीत धरून ती त्याच्यामागे चालू लागली.